युरोपच्या इतिहासाची उजळणी : खजिन्याच्या वाटेने

पदवी परीक्षेस महिना-सव्वा महिना उरला असता, अर्वाचीन युरोपचा इतिहास घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे जी वही उघडी असते तिचे रूप मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. समासात तांबड्या शाईने सनावळी, पानावर निळ्या शाईने घटना, आणि जेथे घटनेची कारणे लिहावयाची तेथे अनुक्रमांक घालून 'राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक' अशी चार शब्दांची एक ओळ. हीच ओळ ल्यूथरच्या बंडाला, हीच फ्रेंच राज्यक्रांतीला आणि हीच जर्मनीच्या एकीकरणाला लावलेली. वही लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याने ती तीन-तीन वेळा वाचलेली असते, पहाटे उठून मोठ्याने म्हटलेली असते. आणि तरीसुद्धा 'हे १७८९ सालीच का घडले?' एवढा साधा प्रश्न विचारला की त्याची जीभ अडखळते, कारण त्याच्या वहीत घटना शेजारी शेजारी बसलेल्या असल्या तरी एकीचे दुसरीशी असलेले देणेघेणे त्याला कोणी उलगडून दाखविलेले नसते.

देणेघेणे हा शब्द मी येथे शब्दशः वापरीत आहे. उजळणीस बसणाऱ्याने प्रत्येक मोठ्या घटनेपाशी थांबून एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : त्या वेळी सत्ताधाऱ्याच्या खजिन्याची स्थिती काय होती, त्याला पैसा कोणाकडून हवा होता, आणि देणाऱ्याने तो देण्यापूर्वी कोणती अट घातली? पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तोफखाना, तटबंदी, कायम फौज आणि आरमार यांचा खर्च असा काही वाढत गेला की वडिलोपार्जित जमिनींच्या उत्पन्नावर कोणत्याही राजाचे भागेनासे झाले. त्याला सावकाराच्या पेढीवर जावे लागले किंवा प्रजेच्या प्रतिनिधींना बोलवावे लागले, आणि या दोन वाटांपैकी त्याने कोणती धरली यावर त्या देशाचे पुढील दोन-दोन शतकांचे भवितव्य ठरत गेले. एवढा एकच प्रश्न इतिहासाचे सर्वस्व उलगडतो असे मी म्हणणार नाही. श्रद्धा, विचार, भूगोल आणि व्यक्ती यांची सत्ता त्याहून लहान नाही. परंतु साडेचार शतकांचा विस्कळीत ऐवज थोड्या दिवसांत एका सूत्रात ओवावयाचा असेल, तर याहून बळकट सूत्र मला आढळलेले नाही.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नये. फुलस्केप कागद आडवा धरून त्यावर एक सरळ रेघ ओढावी, डाव्या टोकास १४५०, उजव्या टोकास १९०० लिहावे, आणि जे आठवते ते आठवणीनेच त्या रेघेवर मांडावे. अर्ध्या तासाने कागदाकडे पाहिले असता, कोणत्या पन्नास वर्षांत गर्दी झाली आहे आणि कोठे माळरान पडले आहे ते आपोआप दिसते. बहुतेकांच्या कागदावर १६४८ ते १७८९ हा टापू ओसाड असतो, आणि उजळणीचा पहिला आठवडा त्या ओसाड टापूला दिला पाहिजे हा निर्णय तो कागदच देतो. मग पुस्तक उघडून १४५३, १४९२, १५१७, १५५५, १६४८, १६८८, १७१३, १७६३, १७८९, १८१५, १८३०, १८४८ आणि १८७१ एवढ्याच सनांचे खांब पक्के करावेत, कारण बाकीच्या सनांना या खांबांच्या 'थोडे आधी' अथवा 'थोडे नंतर' असे टेकू देता येतात. त्याच रेघेखाली दुसरी बारीक रेघ ओढून तिच्यावर केवळ खजिन्याच्या तारखा लिहाव्यात : १५५७, स्पेनच्या राजाचे दिवाळे, १६९४, बँक ऑफ इंग्लंडची स्थापना, १७८१, नेकरने छापलेला जमाखर्च, १८४२, पीलने पुन्हा बसविलेला प्राप्तीवरील कर. वरच्या रेघेवरील घटना आणि खालच्या रेघेवरील आकडे यांची गाठ घालण्यात पुढचे दिवस जावेत.

ही गाठ कशी घालावयाची ते ल्यूथरच्या उदाहरणाने दाखवितो. विद्यार्थी लिहितो की पोपच्या दरबारातील भ्रष्टाचारामुळे ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्ग येथील चर्चच्या दारावर ल्यूथरने आपले पंच्याण्णव सिद्धांत खिळ्यांनी ठोकले. यात चूक शोधावयाची नाही, पण हा भ्रष्टाचार त्याच्या आधी शंभर वर्षेही होताच. मग ठिणगी त्याच वर्षी आणि जर्मनीतच का पडली? उत्तर एका कर्जात आहे. ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातील आल्ब्रेख्ट हा तरुण, माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद हाती असतानाच, १५१४ साली माइन्सचाही आर्चबिशप झाला. वय लहान, पदे एकाहून अधिक, म्हणून पोपची खास परवानगी घेणे भाग पडले आणि त्या परवानगीसाठी रोमला द्यावयाची जबर रक्कम त्याने औग्सबुर्गच्या फुगर या सावकारी घराण्याकडून उचलली. हे कर्ज फिटावे म्हणून त्याच्या मुलखात पापमुक्तिपत्रे विकण्याची मुभा मिळाली. उत्पन्नातील निम्मा भाग रोममधील सेंट पीटरच्या मंदिराच्या बांधकामास आणि निम्मा फुगरच्या कर्जापोटी, असा ठराव झाला. आणि टेट्झेल नावाचा डॉमिनिकन साधू ही पत्रे विकीत गावोगाव फिरू लागला तेव्हा पेटीत पडणाऱ्या नाण्यांचा हिशोब ठेवण्यास फुगरच्या पेढीचा गुमास्ता बरोबर असे. ल्यूथरने ते सिद्धांत दारावर ठोकले की नाहीत याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु त्याच दिवशी त्याने ते पत्रासोबत आल्ब्रेख्टकडे पाठविले, याबद्दल शंका नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, आणि ती मी अंतःकरणपूर्वक सांगतो, कारण खजिन्याचे सूत्र हाती आलेला बुद्धिमान विद्यार्थी सर्व धर्मचळवळीला 'पैशाचा मामला' ठरवून मोकळा होतो. आल्ब्रेख्ट आणि फुगर यांच्यातील करार ल्यूथरला त्या वेळी ठाऊकच नव्हता. ज्या साधूला रात्ररात्र आपल्या मुक्तीची चिंता जाळीत होती, त्याला नाण्याच्या बदल्यात क्षमा विकली जाताना पाहून जो संताप आला तो खराखुरा धर्मसंताप होता. कर्जाची कथा त्या संतापाला निमित्त कसे मिळाले तेवढे सांगते, त्याची खोली ती मापू शकत नाही. उत्तरपत्रिकेत ही दोन्ही वाक्ये एकापुढे एक लिहिणारा विद्यार्थी परीक्षकाचा विश्वास संपादन करतो.

फुगरची पेढी हाती लागली की पुढची दोन प्रकरणे भराभर उलगडतात. १५१९ साली पाचवा चार्ल्स, जो स्पेनचा राजाही होता, सम्राट निवडून आला तेव्हा मतदार राजांची मने वळविण्यास सुमारे साडेआठ लाख फ्लोरिन खर्च झाले आणि त्यांतील साडेपाच लाखांच्या आसपास एकट्या फुगरने पुरविले. पुढे १५४५ साली पोटोसी येथे चांदीचा डोंगर सापडला, त्यातील पंचमांश स्पेनच्या राजाला मिळू लागला, आणि तरीही त्या राजघराण्याने १५५७, १५७५ आणि १५९६ साली सावकारांची देणी थांबविली. चांदी बंदरात उतरण्यापूर्वीच ती युद्धांच्या कर्जापोटी गहाण पडलेली असे. यातील १५७५ चे दिवाळे विशेष लक्षात ठेवावे. नेदरलँड्समध्ये ड्यूक ऑफ आल्व्हाने प्रत्येक विक्रीवर दहावा हिस्सा कर बसवू पाहिला होता, त्यामुळे कॅथॉलिक व्यापारीही बिथरलेले होतेच. त्यात दिवाळ्यामुळे स्पॅनिश शिबंदीचा पगार थकला, आणि नोव्हेंबर १५७६ मध्ये त्याच उपाशी, बेशिस्त शिपायांनी अँटवर्पसारखे संपन्न शहर लुटून जाळले. युट्रेख्टचा करार १५७९ चा आणि स्पेनच्या फिलिपचे राजेपद झुगारल्याची घोषणा १५८१ ची. हे दोन सन ज्यांच्या कधी लक्षात राहत नाहीत त्यांनी थकलेल्या पगारापासून आरंभ करून ते म्हणून पाहावेत.

इंग्लंड आणि फ्रान्स यांची तुलना हा परीक्षकांचा आवडता विषय आहे आणि त्याचे मर्म याच वाटेवर आहे. पहिल्या चार्ल्सने अकरा वर्षे पार्लमेंट बोलाविले नाही, म्हणून त्याला पार्लमेंटच्या संमतीवाचून पैसा उभा करणे प्राप्त झाले. युद्धकाळी किनाऱ्यावरील परगण्यांकडून घेण्याचा जो जहाजपट्टीचा जुना शिरस्ता होता तो त्याने १६३५ साली शांततेच्या काळात अंतर्भागातील परगण्यांनाही लावला. बकिंगहॅमशायरच्या जॉन हॅम्डेनने वीस शिलिंगांची पट्टी भरण्याचे नाकारले. खटल्यात बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने आणि पाच विरुद्ध गेले; राजा खटला जिंकला, पण वीस शिलिंगांसाठी बारांतील पाच न्यायाधीश राजाविरुद्ध बोलू शकतात हे साऱ्या देशाने पाहिले, आणि स्कॉटलंडशी युद्ध जुंपताच १६४० साली त्याला पार्लमेंटच्या दारी यावे लागले. १६४२ चे यादवी युद्ध, १६४९ चा राजवध, १६६० ची पुनःस्थापना हा पुढचा क्रम सर्वांना पाठ असतो. ज्याकडे डोळेझाक होते तो १६९४ चा मुक्काम : पार्लमेंट कराची हमी देते म्हणून लोकांनी शेकडा आठ व्याजाने बारा लाख पौंड सरकारला कर्जाऊ दिले आणि त्यातून बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली. राजाच्या शब्दावर जो पैसा मिळत नव्हता तो पार्लमेंटच्या शब्दावर मिळू लागला. अठराव्या शतकात फ्रान्सहून लोकसंख्येने कितीतरी लहान असलेला हा देश युद्धामागून युद्ध जिंकत गेला त्याचे रहस्य शोधणाऱ्याने आरमाराइतकेच या रोख्यांकडे पाहावे.

फ्रान्समध्ये याच्या उलट घडले. तेथील त्रिवर्ग-सभा १६१४ साली भरली ती पुढे पावणेदोनशे वर्षे भरलीच नाही. सरदार आणि धर्माधिकारी मुख्य करांतून बव्हंशी मुक्त, आणि मीठ, तंबाखू, जकात यांची वसुली सरकार स्वतः न करता मक्तेदारांच्या एका कंपनीला इजाऱ्याने देई. मक्तेदार ठराविक रक्कम खजिन्यात आगाऊ भरीत आणि प्रजेकडून उकळलेली वरकड आपल्या पदरात टाकीत. इजारा आणि मक्ता हे शब्द ज्याच्या घरी आजोबांच्या तोंडी होते त्या मराठी विद्यार्थ्याला ही व्यवस्था परक्या भाषेतील व्याख्येवाचून समजते, आणि त्याने ती स्वतःच्या शब्दांत लिहावी. मिठाचा कर प्रांताप्रांतांत निराळा असल्यामुळे करमुक्त ब्रिटनी प्रांतातून चोरटे मीठ आणणाऱ्यांच्या मागे मक्तेदारांचे सशस्त्र शिपाई असत. १७८९ च्या आरंभी गावोगावी लिहिल्या गेलेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत मिठाचा कर वारंवार का येतो ते यावरून ध्यानात येईल.

तीस वर्षांच्या युद्धाविषयी फार लिहीत नाही. एवढेच लक्षात असू द्यावे की १६१८ साली प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून सम्राटाचे कारभारी खाली फेकले गेले तेव्हा ते धर्मयुद्ध होते, आणि १६३५ साली रोमन चर्चचा कार्डिनल असलेल्या रिशेल्यूने कॅथॉलिक सम्राटाविरुद्ध फ्रान्सची फौज उतरविली तेव्हा ते राहिले नव्हते. हे परिवर्तन दाखविणारा परिच्छेद नीट साधला तर वेस्टफालियाच्या तहाची कलमे दोन कमी लिहिली तरी चालतील.

फ्रेंच राज्यक्रांतीला मात्र उजळणीचे पुरे चार दिवस द्यावेत, आणि तेही १७८९ च्या मागे दहा वर्षे जाऊन. अमेरिकन वसाहतींच्या बंडाला साह्य करताना फ्रान्सने शंभर कोटींहून अधिक लिव्हर खर्च केले आणि ते मुख्यतः कर्ज काढून केले. अर्थमंत्री नेकर याने १७८१ साली राज्याचा जमाखर्च छापून बाजारात आणला, ही गोष्ट त्या काळी अभूतपूर्व होती. राजाची तिजोरी ही राजाची खासगी बाब, ती रस्त्यावरच्या माणसाने वाचावी ही कल्पनाच नवी. त्याने नेहमीच्या खर्चाचाच आकडा दाखवून, युद्धाचा असाधारण खर्च बाजूस ठेवून, सुमारे एक कोटी लिव्हरची शिल्लक दाखविली. परिणाम असा झाला की पाच वर्षांनी तेव्हाचा अर्थमंत्री कॅलोन याने राजाला तुटीची खरी स्थिती सांगितली आणि १७८७ च्या फेब्रुवारीत प्रतिष्ठितांची सभा बोलावून नवा जमीनकर मागितला, तेव्हा लोक विचारू लागले की शिल्लक होती ती गेली कोठे. राणीच्या उधळपट्टीने फ्रान्सचा खजिना रिता झाला, असे वाक्य उत्तरपत्रिकांत शेकड्यांनी येते. वस्तुतः १७८८ च्या अंदाजपत्रकात राजदरबाराचा खर्च शेकडा सहाच्या आसपास आणि कर्जावरील व्याजाचा बोजा निम्म्याच्या घरात होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये खजिन्याने देणी थांबविली. त्यापूर्वीच १३ जुलै १७८८ रोजी उत्तर फ्रान्सवर गारांचे भीषण वादळ कोसळून उभे पीक झोपले होते, त्यामागून कडक हिवाळा आला, आणि पुढच्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये भाकरीचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला.

आता १७८९ च्या तारखा घ्याव्यात, आणि त्या एखाद्या पंचांगासारख्या भिंतीवर टांगाव्यात : ५ मे रोजी त्रिवर्ग-सभेचे उद्घाटन, १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःस राष्ट्रीय सभा म्हणविणे, २० जूनची टेनिसच्या मैदानावरील शपथ, १४ जुलै, ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्कांचा त्याग, २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा, ऑक्टोबरच्या ५ आणि ६ तारखांना पॅरिसच्या स्त्रियांनी व्हर्सायवर नेलेला मोर्चा, आणि २ नोव्हेंबर रोजी चर्चच्या मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण. या मालिकेत मी आणखी एक रात्र घालावयास सांगतो, जी क्रमिक पुस्तकांत बहुधा नसते. मीठ-जकातीच्या मक्तेदारांनी चोरटा माल अडविण्यासाठी पॅरिसभोवती नुकतीच एक भिंत उभारली होती आणि तिच्या वेशींवर दगडी खांबांची भव्य जकातनाकी बांधली होती; बॅस्टिल पडण्यापूर्वी, १२ आणि १३ जुलैला, जमावाने प्रथम आग लावली ती या नाक्यांना. ज्या जमावाने ओस पडत चाललेल्या तुरुंगावर चाल केली तो स्वातंत्र्याची मूर्ती शोधीत निघाला होता असे चित्र आपल्या मनात असते. आदल्या दोन दिवसांचा धूर त्या चित्रात मिसळला म्हणजे तो जमाव भाकरी, मीठ आणि दारू यांवरील कर रोज मोजणाऱ्या माणसांचा होता हे दिसू लागते. रसायनशास्त्राचा थोर आचार्य लाव्हाझिए हाही या मक्तेदारांपैकी एक होता आणि ही भिंत त्यानेच सुचविली होती. ८ मे १७९४ रोजी इतर मक्तेदारांसमवेत त्याचा शिरच्छेद झाला. त्या मृत्यूचे दुःख मला आजही वाचताना होते, आणि विद्यार्थ्याने ते टाळून पुढे जाऊ नये असे वाटते, कारण क्रांतीची न्याय्यता आणि तिची निर्दयता या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आयुष्यात इतक्या जवळ क्वचितच येतात.

औद्योगिक क्रांतीच्या प्रकरणात संशोधकांच्या यादीने घात होतो. के, हारग्रीव्ह्ज, आर्कराइट, क्रॉम्प्टन, कार्टराइट ही नावे ओळीने पाठ करण्यापेक्षा चाती आणि माग यांची शर्यत डोळ्यांपुढे आणावी. १७३३ च्या धावत्या धोट्याने विणकर झपाट्याने विणू लागला, त्याला सूत पुरेना. सुताची ही टंचाई १७६४ च्या सुमाराच्या जेनीने, १७६९ च्या आर्कराइटच्या जलशक्तीवरील चातीने आणि १७७९ च्या म्यूलने अशी भरून काढली की आता सूत उदंड झाले आणि विणकर कमी पडू लागले. म्हणून १७८५ चा यंत्रमाग. एका जागी कोंडी फुटली की दुसऱ्या जागी ती निर्माण होते, या एका वाक्यावर पाच नावे टांगता येतात. आणि इंग्लंडला हे कापड स्वतः काढण्याची निकड का भासली, हे विचारले तर आपला संबंध येतो : हिंदुस्थानच्या छापील सुती कापडाने तेथील लोकरीच्या धंद्यास एवढे हैराण केले की पार्लमेंटने १७०० आणि १७२१ साली कायदे करून ते वापरण्यावरच बंदी घातली, आणि त्या बंदीच्या आडोशाला लँकेशायरचा सुती धंदा वाढला. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरचे मजूर उपाशी राहिले आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच मुंबईच्या सट्ट्याचा डोलारा कोसळला.

वाफेच्या यंत्राबाबतही हेच. न्यूकमेनचे १७१२ चे यंत्र कोळशाच्या खाणीतील पाणी उपसण्यासाठी होते. त्यात प्रत्येक ठोक्याला वाफ थंड करताना सारा नळकांडाच थंड करावा लागे आणि पुन्हा तापवावा लागे, त्यामुळे ते कोळसा अक्षरशः खात असे. खाणीच्या तोंडाशी कोळशाला किंमत नसल्याने तेथे ते चालले. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींत मात्र कोळसा समुद्रमार्गाने विकत आणावा लागे, आणि म्हणून वाफ निराळ्या पात्रात थंड करणाऱ्या वॉटच्या यंत्राला खरे गिऱ्हाईक तेथे मिळाले. बोल्टन आणि वॉट यांनी आपला मोबदला ठरविला तोही पाहण्यासारखा आहे : जुन्या यंत्राच्या मानाने जितका कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश. शोध, भूगोल आणि जमाखर्च या तिघांची अशी गाठ एका उदाहरणात घालून दाखविली, तर 'औद्योगिक क्रांती इंग्लंडमध्येच प्रथम का?' या प्रश्नास भारदस्त आरंभ मिळतो. तेवढ्यावर थांबू नये. १८०१ साली पाऊण लाखाच्या आसपास असलेली मँचेस्टरची वस्ती १८५१ साली तीन लाखांवर गेली, आणि त्या वस्तीतील मुलांसाठी झालेला १८३३ चा कायदा आधीच्या कायद्यांहून निराळा ठरला तो नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत मज्जाव केल्यामुळे जितका, तितकाच त्याच्या अंमलबजावणीसाठी चार पगारी तपासनीस नेमल्यामुळे. तपासनीस नसलेला कायदा काय कामाचा असतो हे १८०२ आणि १८१९ च्या कायद्यांनी दाखविलेच होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी एकच जोडी सुचवितो. सर्वांना बिस्मार्कचे 'रक्त आणि लोखंड' हे उद्गार पाठ असतात. ते कोठे काढले हे कोणी सांगत नाही. ३० सप्टेंबर १८६२ रोजी प्रशियाच्या विधिमंडळाच्या अंदाजपत्रक समितीपुढे ते काढले गेले, कारण भांडण फौजेच्या खर्चाचे होते आणि विधिमंडळ तो मंजूर करीत नव्हते. बिस्मार्कने मंजुरीवाचून चार वर्षे कर वसूल केला. पहिल्या चार्ल्सने जे केले तेच त्यानेही केले. परंतु एकाचे मस्तक गेले आणि दुसऱ्याला १८६६ साली, क्योनिगग्रेट्झच्या विजयानंतर, त्याच विधिमंडळाने कायदा करून मागील सर्व वसुलीबद्दल माफी दिली. सव्वादोन शतकांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रसंगांची तुलना दहा ओळींत लिहून पाहावी. जर्मनीचे एकीकरण झाले पण तेथील संसदीय सत्ता दुबळी का राहिली, याचे उत्तर त्या दहा ओळींत सापडेल. त्याचप्रमाणे १८४६ साली पीलने धान्यकायदे रद्द केले हे लिहिताना, त्यापूर्वी चार वर्षे प्राप्तीवरील कर पुन्हा बसवून त्याने जकात कमी करण्याची सोय करून ठेवली होती, हे जोडावे.

नावांच्या गोंधळाने गुण जातात, म्हणून राजाच्या क्रमांकासोबत देशाचे नाव नेहमी लिहावे. सम्राट पाचवा चार्ल्स हाच स्पेनचा पहिला चार्ल्स. इंग्लंडचा पहिला जेम्स हाच स्कॉटलंडचा सहावा. फ्रान्समधील 'पार्लमाँ' ही न्यायालये होती, इंग्लंडच्या पार्लमेंटसारखी प्रातिनिधिक सभा नव्हे; १७८७-८८ च्या संघर्षाचे उत्तर या एका शब्दावर घसरलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

उत्तर लिहिण्याचा सराव वाचनाइतकाच नेमाने करावा : रोज एक प्रश्न, घड्याळ लावून, पुस्तक मिटून. पहिल्या परिच्छेदात व्याख्या आणि पार्श्वभूमी यांचे पाल्हाळ न लावता प्रश्नाला थेट जबाब द्यावा आणि मग पुरावे मांडावेत. 'तुलना करा' असे विचारले असता दोन देशांची दोन स्वतंत्र चरित्रे लिहू नयेत. एकेक मुद्दा घेऊन दोन्हींकडे त्याचे काय झाले ते एकाच परिच्छेदात सांगावे. जो सन निश्चित आठवत नाही तो ठोकून देऊ नये. 'शतकाच्या मध्यास' असे लिहिलेले प्रामाणिक वाक्य चुकीच्या आकड्याहून अधिक पटते. परीक्षेपूर्वीच्या आठवड्यात नवे पुस्तक हाती धरू नये, मित्राची वही तर मुळीच मागू नये. आपल्या त्या आडव्या कागदावरून एकेका घटनेचा जमाखर्च घरातील कोणाला तरी तोंडी सांगावा. ऐकणाऱ्या आजीला अथवा धाकट्या भावाला जेथे कळेनासे होते, तेथे आपल्यालाही कळलेले नसते.

शेवटच्या संध्याकाळी कोऱ्या कागदावर मध्य युरोपचा नकाशा हाताने काढावा. सीमा बदलत गेल्या, नद्या बदलल्या नाहीत. म्हणून आधी ऱ्हाइन, एल्ब, ओडर आणि डॅन्यूब काढाव्यात आणि मग गावे बसवावीत. ऱ्हाइनच्या काठी माइन्स, डॅन्यूबच्या काठी व्हिएन्ना आणि डॅन्यूबच्याच दक्षिणेस, लेख नदीवर, फुगरचे औग्सबुर्ग. मग पेन्सिल एल्बच्या उगमाकडून मुखाकडे न्यावी : प्रथम क्योनिगग्रेट्झ, जेथे १८६६ साली बिस्मार्कचा हिशोब चुकता झाला, पुढे विटेनबर्ग, जेथून १५१७ साली ते पत्र आल्ब्रेख्टकडे निघाले, आणि त्याहून खाली त्याच आल्ब्रेख्टचे माग्डेबुर्ग, जे १६३१ साली सम्राटाच्या फौजेने जाळून बेचिराख केले.